शनिवारच्या मैदानाचा कायदा

मंडळाच्या स्मरणिकेत मंडळाचा, मराठी शाळेचा आणि गणेशोत्सवाचा इतिहास असतोच. या वेळी संपादकांनी त्यांच्या पंगतीला एक परकी संस्था आणून बसवली आहे आणि वाढण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. कारण शोधायला फार लांब जायला नको. लॉस एंजेलिसच्या परिसरात सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात शनिवारी सकाळी एखादा कार्यक्रम ठेवून बघा, अर्धे सभागृह रिकामे राहते. कोजागरीच्या तालमीसुद्धा दुपारनंतर ठेवाव्या लागतात. मंडळी असतात कुठल्या तरी शाळेमागच्या हिरवळीवर, घडीच्या खुर्च्या टाकून, शेजारी चहाचा थर्मास ठेवून, आपापल्या पोरांचा फुटबॉल बघत. आपला हा शनिवार जिने ताब्यात घेतला ती संस्था म्हणजे अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन, अर्थात एवायएसओ. बोलताना बरेच जण ‘एसो’ म्हणतात, मीही तेच लिहितो.

संस्थेचा इतिहास म्हटला की अध्यक्षांची यादी, वास्तुनिधी आणि उद्‌घाटनाला आलेले पाहुणे, असा आपला रिवाज. एसोच्या बाबतीत त्यातून फारसे काही हाती लागणार नाही. तिचा इतिहास सापडतो तो तिच्या नियमपुस्तकात. एसोत मी पंच म्हणून पिवळा शर्ट घालून शिट्टी वाजवतो, त्यामुळे ते पुस्तक मला वाचावे लागते. आणि वाचता वाचता माझे असे मत झाले आहे की मुलांच्या या खेळातले निम्मे नियम मोठ्या माणसांना आवरण्यासाठी केलेले आहेत.

सुरुवात 1964 ची, गाव टॉरन्स. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचा हा पट्टा तेव्हा विमान-उद्योगावर वाढत होता. शहराला डॉजर्सचा बेसबॉल संघ मिळून सहा वर्षे झाली होती, लेकर्सना येऊन चार. सॉकर मात्र शाळेत नव्हता आणि वर्तमानपत्रातही नव्हता. तो होता जर्मन, स्कॉटिश, हंगेरियन, मेक्सिकन अशा स्थलांतरितांच्या क्लबांत, रविवारी दुपारी. बिल ह्यूज, हान्स श्टीर्ले आणि त्यांच्या काही मित्रांना हा खेळ अमेरिकी मुलांच्या पायाशी आणून ठेवायचा होता. कार्यालय म्हणजे घराचे गॅरेज, आणि पहिल्या खेपेला संघ नऊ. सगळे मुलग्यांचे.

या मंडळींनी एक नियम केला, तो आजही संस्थेच्या टी-शर्टवर छापलेला असतो : सगळे खेळणार. म्हणजे काय, तर संघात नाव असलेल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ मैदानावर असले पाहिजे. ऐकायला साधे वाटते. पण काळ लक्षात घ्या. जागतिक फुटबॉलमध्ये बदली खेळाडू ही चीजच तेव्हा जवळपास नव्हती. 1966 च्या वर्ल्ड कपमध्ये एखाद्याचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचे, असा प्रकार होता. वर्ल्ड कपमध्ये बदली खेळाडू आला तो 1970 मध्ये, मेक्सिकोला. जगात बाकावरून उठायलाही परवानगी नसताना टॉरन्सच्या गॅरेजमध्ये ठरले की बाकावरच्या पोराला उठवावेच लागेल. फुटबॉलच्या 17 मूळ कायद्यांत असे काही कुठेही नाही.

आपल्या गल्लीत हा प्रश्न कच्च्या लिंबाने सोडवलेला होता. धाकट्याला खेळायला घ्यायचे, पण त्याचे आउट होणे धरायचे नाही. त्यात माया होती आणि अपमानही होता. एसोमध्ये कच्चा लिंबू चालत नाही. पोरगे मैदानावर आले की ते पूर्ण खेळाडू. त्याच्या चुकीने झालेला गोल हा गोलच.

नियम करणे सोपे, पाळला जातो की नाही हे बघणार कोण? त्यासाठी निघाले ते गेम कार्ड. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा जाड कागद. सामन्याआधी कोच त्यावर मुलांची नावे आणि शर्टाचे नंबर लिहून पंचाकडे देतो. प्रत्येक नावासमोर चार चौकोन. सामन्याचे दोन अर्धे असतातच, पण एसोत प्रत्येक अर्ध्याच्या साधारण मध्यावर, चेंडू बाहेर गेला की पंच खेळ थांबवतो आणि मुले बदलतात. म्हणजे झाले चार पाव. ज्या पावात मूल बाहेर बसले त्या चौकोनात फुली, गोली होते तर तिथे वेगळी खूण. बदली फक्त या ठरलेल्या थांब्यांवर, किंवा कुणाला लागले तर. एका नावासमोर दोन फुल्या झाल्या की तिसऱ्या वेळी ते मूल बाहेर बसवता येत नाही. पंचाने हे कार्ड खिशातून काढले की भलेभले कोच बोटे मोजू लागतात.

पुढे बऱ्याच विभागांनी याला आणखी एक पीळ दिला : संघातले प्रत्येक मूल तीन पाव खेळल्याशिवाय कुणालाही चारही पाव खेळवायचे नाही. दहा वर्षांखालच्या गटात मैदानावर सात मुले असतात. संघात दहा असतील तर चार पावांत मिळून जागा झाल्या अठ्ठावीस. आठ मुलांना तीन-तीन पाव, दोघांना दोन-दोन, हिशेब बरोबर. आता एक मूल आजारी पडले. नऊ मुले, तीन-तीन पाव, झाले सत्तावीस. उरलेला एक पाव कुणाला? या एका पावावरून जेवढे राजकारण होते तेवढे आपल्या मंडळाच्या निवडणुकीत होत नाही. तो कोचच्या स्वतःच्या मुलाला मिळाला तर पालकांच्या व्हॉट्सअॅपवर संध्याकाळपर्यंत शांतता नांदत नाही. आणि ‘जरा कच्च्या’ मुलाच्या घरी शुक्रवारी रात्री फोन करून, खोकला वाटतोय का त्याला, उद्या विश्रांती देऊ या का, असे प्रेमाने विचारणारे कोच होते, असे किस्से कुठल्याही विभागात ऐकायला मिळतात.

दुसरा मूळ नियम समतोल संघांचा. एसोत निवड चाचणी नसते. फॉर्म भरा, फी भरा, मूल आत. पण मग तगडी पोरे एकाच संघात जाऊ नयेत म्हणून दर हंगामात संघ मोडतात आणि नव्याने बांधतात. मागच्या हंगामाच्या शेवटी कोचने प्रत्येक मुलाला दिलेले गुण समोर ठेवून सगळे कोच एका टेबलाभोवती बसतात आणि पाळीपाळीने मुले निवडतात. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटी, त्याचा दुसऱ्या फेरीत पहिला. कोचचे स्वतःचे मूल त्याच्याच संघात राहते. म्हणून ते चांगले खेळत असेल तर त्याचे गुण कमी दाखवण्याची कोचला खाज असते, आणि म्हणूनच ते गुण इतरांकडून तपासून घेण्याची पद्धतही असते. आपल्या लोकांची तक्रार वेगळीच. ‘माझी नि कुलकर्ण्यांची मुलगी एका संघात द्या ना, गाडी एकच करता येते.’ नोंदणी-प्रमुख हसतात आणि नाही म्हणतात. या नियमाने दरवर्षी मैत्रिणींची ताटातूट होते हे खरेच आहे, आणि तो या व्यवस्थेचा दोष आहे असे मी मानतो. पण याच नियमामुळे एका शनिवारी तेरा-शून्य आणि दुसऱ्या शनिवारी शून्य-अकरा असले निकाल फारसे दिसत नाहीत. तरी लागलेच तर अनेक विभागांनी फरकाला मर्यादा घातली आहे. पाच-सहा गोलांची आघाडी झाली की कोचने आपल्या गोल मारणाऱ्याला मागे बचावाला पाठवायचे.

मधली दोन-तीन दशके भराभर सांगतो, कारण ती वाढीची आहेत आणि वाढीचा इतिहास सगळ्या संस्थांचा सारखाच असतो. 1971 मध्ये मुलींचे संघ सुरू झाले. पुढच्याच वर्षी शिक्षणसंस्थांत मुलामुलींना समान वागणूक देण्याचा टायटल नाइन हा कायदा आला आणि शाळा-कॉलेजांत मुलींच्या खेळाला पैसा मिळू लागला. एसो त्याच्या एक पाऊल पुढे होती. 1975 मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आला आणि अमेरिकेला या खेळाची भुरळ पडली. कॉसमॉस ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत असे ती पुढे दहा वर्षांत बुडाली, पण मुलांचे संघ बुडाले नाहीत. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्स-ब्राझील अंतिम सामन्याला पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये लाखावर माणूस जमला, तेव्हा हा जमाव आला कुठून याचे अनेकांना कोडे पडले. त्यातले कितीतरी जण शनिवारच्या मैदानांवरून आलेले आईबाप होते, असा माझा तर्क. आज संस्था देशभर आहे, मुले काही लाखांत आहेत, आणि सगळा डोलारा विभाग म्हणजे ‘रीजन’ नावाच्या स्थानिक घटकांवर, बिनपगारी माणसांवर चालतो. पहाटे मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा बाप दिवसा कुठल्या तरी कंपनीत अकाउंटंट असतो.

नियमपुस्तकात पुढचा मोठा बदल झाला तो मैदानाच्या मापात. सहा वर्षांच्या मुलांना अकरा-अकरा करून मोठ्या मैदानावर सोडले की होते काय, तर वीस मुलांचा एक मधमाश्यांचा घोळका चेंडूमागे फिरतो आणि दोन गोली गवत उपटत बसतात. म्हणून लहान संघ. आता सहा आणि आठ वर्षांखालच्या गटात चार विरुद्ध चार, गोली नाही. दहाखाली सात विरुद्ध सात. बाराखाली नऊ विरुद्ध नऊ. आणि चौदाखालच्या गटात पोचल्यावर अकरा. चेंडूही वाढत जातो, तीन नंबर, चार नंबर, मग पाच. दहाखालच्यांचा सामना 50 मिनिटांचा, बाराखालच्यांचा 60, चौदाखालच्यांचा 70. ही मापे 2017 पासून यूएस सॉकर या राष्ट्रीय महासंघाने सगळ्यांनाच लागू केली, पण एसोमध्ये छोट्या संघांचा प्रयोग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

गोली नाही म्हटल्यावर आपल्याकडचे पालक पहिल्या दिवशी हमखास चक्रावतात. गोली नाही तर मग खेळ कसला? पण चार मुलांत चेंडू लपवता येत नाही. लाजरे मूलसुद्धा वीस मिनिटांत पाच-दहा वेळा त्याला पाय लावतेच.

दहाखालच्या गटात प्रथमच गोली येतो आणि त्याच्याबरोबर बिल्ड-आउट लाइन नावाची एक रेषा येते. पेनल्टी एरिया आणि मध्यरेषा यांच्या बरोबर मधोमध ती आखतात. गोलीच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघाने त्या रेषेमागे सरकायचे. गोलीने चेंडू हाताने टाकायचा, घरंगळवायचा किंवा खाली ठेवून पास द्यायचा; हातातून सोडून लाथ मारून उडवायचा नाही. उडवला तर इनडायरेक्ट फ्री किक. यामागचे कारण मैदानावर उभे राहिले की लगेच कळते. ज्या संघाचा गोली अंगाने थोराड, तो एका लाथेत चेंडू पलीकडच्या गोलसमोर पाडायचा. मधल्या पाच जणांनी फक्त माना वर करून बघायचे. आता चेंडू पायापायाने वर न्यावा लागतो. ऑफसाइडही मध्यरेषेऐवजी याच रेषेपासून धरतात. आम्हा पंचांना मात्र तिने घाम फोडला. हंगामाच्या पहिल्या शनिवारी निम्मा वेळ ‘मागे, मागे, रेषेच्या मागे’ असे ओरडण्यात जातो.

नियमपुस्तकातल्या ज्या पानावर सर्वांत जास्त वाद होतात ते पान डोक्याचे आहे. ऑगस्ट 2014 मध्ये काही पालक आणि खेळाडूंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात खटला भरला. प्रतिवादी फिफा, यूएस सॉकर, आणखी काही संघटना आणि त्यांत एसोसुद्धा. मागणी पैशांची नव्हती. लहान मुलांनी चेंडू डोक्याने मारल्यामुळे मेंदूला मार बसतो, तेव्हा नियम बदला, एवढेच म्हणणे होते. नोव्हेंबर 2015 मध्ये यूएस सॉकरने तडजोड मान्य केली : दहा आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग पूर्ण बंद, अकरा ते तेराच्या मुलांना सरावात मर्यादा. एसोचे गट दोन-दोन वर्षांचे असल्यामुळे तिने सावधपणे बाराखालच्या संपूर्ण गटालाच हेडिंग बंद केले, सामन्यातही आणि सरावातही.

कायदा असा आहे : मुलाने मुद्दाम डोके लावले तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. चेंडू येऊन डोक्यावर आदळला तर काही नाही. तेव्हा खेळ थांबवायचा तो मूल ठीक आहे का हे बघायला. हा फरक एका क्षणात करायचा असतो. एकदा बाराखालच्या सामन्यात कॉर्नरवरून चेंडू आला आणि एका मुलाने उंच उडी मारून तो डोक्याने जाळ्यात घातला. देखणा गोल होता. मी शिट्टी वाजवली आणि हात वर केला. रेषेबाहेर कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा खुर्चीत बसले होते. पेठांचे, तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर पाहण्यात हयात गेलेली. ते उठूनच उभे राहिले.

‘काय हो पंच, डोकं लावलं म्हणून फाउल? मग देवानं डोकं दिलंय कशाला?’

‘आजोबा, बारा वर्षांपर्यंत ते शाळेसाठी राखून ठेवायचं, असा नियम आहे.’

‘कुणी केला?’

‘कोर्टात गेले होते लोक.’

‘फुटबॉलसाठी कोर्टात?’ ते खाली बसले. ‘आमच्याकडं सामन्यानंतर पोलीस स्टेशनात जातात.’

त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तेराव्या वर्षी एकदम डोके लावायला शिकणारे मूल ते चुकीच्या पद्धतीने शिकण्याचा धोका असतो, असे अनुभवी कोचही म्हणतात. मला तरी ही बंदी पटते. 2017 पासून कॅलिफोर्नियात कायदाच आहे की डोक्याला मार लागल्याचा संशय आला तर मुलाला त्या दिवसापुरते बाहेर काढायचे आणि डॉक्टरची लेखी परवानगी आल्याशिवाय परत घ्यायचे नाही. तिथे कोचची, बापाची किंवा खुद्द मुलाची मर्जी चालत नाही. ‘मी बरा आहे’ हे मुलाचे वाक्य पंचाने ऐकून घ्यायचे आणि बाजूला ठेवायचे.

सामन्याआधीची तपासणी हा आपल्या मुलींसाठी खास प्रसंग. मुले ओळीत उभी राहतात. पंच प्रत्येकाच्या नडगीवर बोटांच्या पेरांनी टकटक करतो; शिनगार्डचा आवाज आला पाहिजे. मग बुटाचे तळवे दाखवायचे. मग कान. कानात काहीही चालत नाही, सोन्याचा बारीक मोती असो की प्लॅस्टिकची काडी असो. ‘टेप लावू का वरून?’ हा आईचा प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेले, कारण टेपने झाकणे जागतिक कायद्यातच मना आहे. आपल्या बहुतेक मुलींचे कान तान्हेपणीच टोचलेले असतात, त्यामुळे तासभर काढून ठेवले तर भोक बुजत नाही, हे भारतातल्या आजीला व्हिडिओ कॉलवर पटवणे एवढेच काम उरते. पण ऐन हंगामात हौसेने कान टोचून आणलेल्या मुलीला मात्र बाहेर बसण्यावाचून गत्यंतर नसते. गळ्यातला ताईत उतरवावा लागतो. डोक्यावरचा पटका किंवा रुमाल चालतो. 2014 पासून ते जगभर मान्य आहे. हाताला प्लास्टर असेल तर एसोत खेळता येत नाही, आणि मैदानावर येऊन ते काढून ठेवले तरी येत नाही. ही पळवाट कुणी तरी शोधली असणार, म्हणून तर ती बुजवणारे वाक्य पुस्तकात आहे. हलवता येणारे गोल जमिनीला खिळवलेले किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेले हवेत, नाहीतर सामना सुरू होत नाही. असे गोल अंगावर कोसळून अमेरिकेत मुले दगावलेली आहेत, त्यामुळे या एका गोष्टीत कुठलाही पंच तडजोड करत नाही.

आता मोठी माणसे. कोच जास्तीत जास्त दोन, आणि त्यांनी मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्डांत राहायचे. प्रेक्षकांनी रेषेपासून मागे बसायचे, गोलच्या मागे कुणीही उभे राहायचे नाही. बोलायचे ते उत्तेजन देणारे, नाहीतर गप्प. ‘किड्स झोन’ नावाची पाटी लावतात आणि पालकांकडून तसे वचन घेतात. काही विभागांत हंगामातला एक दिवस मौनाचा असतो : टाळ्या वाजवा, तोंड उघडायचे नाही. पालकांना चक्क लॉलीपॉप वाटतात. त्या दिवशी मैदानावर एक गोष्ट ऐकू येते, एरवी ती येत नाही. मुले आपापसात बोलत असतात. ‘इकडे दे’, ‘मागे आहे तो’, ‘सॉरी’. ज्या मुलीचा आवाज अख्ख्या हंगामात ऐकला नव्हता ती बचावफळीला सूचना देताना ऐकली आहे मी.

स्वयंसेवकांवरही पहारा आहे. मुलांच्या सहवासात राहणाऱ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासणे आणि त्यांना प्रशिक्षण देणे यासाठी एसोने ‘सेफ हेवन’ हा कार्यक्रम 1990 च्या दशकात सुरू केला. 2022 पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नियमित स्वयंसेवकांच्या बोटांचे ठसे घेणे सक्तीचे झाले. परदेशी पासपोर्टवाल्या आपल्या मंडळींच्या पोटात तेव्हा गोळा आला होता. तसे घाबरण्यासारखे त्यात काही नाही. सरावाला मुलांच्या प्रमाणात प्रौढ हजर हवेत आणि मुलींच्या संघाबरोबर निदान एक बाई हवी. हा नियम मला फार आवडतो, कारण त्याने अनेक मराठी आयांना खुर्चीवरून उठवून मैदानात आणले. ‘मला काय येतंय त्यातलं’ म्हणत आलेल्या दोघी-तिघी आज आमच्या विभागात पंच आहेत आणि माझ्यापेक्षा ऑफसाइड बरा ओळखतात.

1991 मध्ये एसोने अपंग आणि गतिमंद मुलांसाठी वेगळा उपक्रम सुरू केला. प्रत्येक मुलासोबत एक सोबती असतो, बहुधा दुसऱ्या संघातला मोठा मुलगा किंवा मुलगी. इथे नियमपुस्तक सैल सोडलेले आहे. मूल जसे आहे तसा खेळ वळवून घ्यायचा. एवढ्या नियमवेड्या संस्थेला नियम बाजूला ठेवताही येतात, हे पाहायला एकदा तरी जावे.

एसोवर टीका आहेच, आणि ती आपल्या घरांतही होते. सगळ्यांना खेळवता, मग दर्जा कसा येणार? अकरा-बाराव्या वर्षी चुणचुणीत मुलांचे पालक त्यांना खाजगी क्लबांत नेतात. तिथे निवड चाचणी असते, पगारी कोच असतो आणि वर्षाचा खर्च हजारो डॉलरांत जातो. एसोनेही मग अधिक तयारीच्या मुलांसाठी वेगळे संघ काढले. जुन्या लोकांना ते रुचले नाही, पण मुले गळत असताना हातावर हात धरून बसता येत नव्हते. दर्जाबद्दल मी एवढेच सांगतो की लँडन डोनोव्हन रेडलँड्समध्ये एसोतच खेळला, ज्युली फाउडी मिशन व्हिएहोच्या एसोत, आणि अॅलेक्स मॉर्गन डायमंड बारमध्ये. ती तर क्लबकडे गेली चौदाव्या वर्षी. पुढे दोघींनी दोन-दोन वर्ल्ड कप जिंकले. अर्धा-अर्धा सामना बाकावर बसून त्यांचे काही बिघडले नाही. अर्थात आपल्या प्रत्येकाच्या घरात अॅलेक्स मॉर्गन आहे, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे मैदाने बंद झाली. परत उघडली तेव्हा मुले आली, पण स्वयंसेवक पूर्वीइतके आले नाहीत, आणि सगळ्यात जास्त टंचाई पंचांची. पालकांनी शिट्टी घ्यावी म्हणून अनेक विभागांत संघाला त्याचे गुण मिळतात. पंच पुरवला नाही तर हंगामअखेरच्या स्पर्धेत जागा जाते. लाच म्हणा हवे तर, पण तिच्यावरच सामने चालले आहेत.

शेवटचा बदल अगदी ताजा आहे आणि या अंकाच्या वाचकांना तो उपयोगी पडेल. पूर्वी एसोचे वयोगट ऑगस्ट ते जुलै असे धरत, साधारण शाळेच्या वर्षाप्रमाणे. 2016-17 च्या सुमाराला राष्ट्रीय महासंघाच्या धोरणामुळे ते जानेवारी ते डिसेंबर झाले. एका वर्गातल्या मुलांची दोन गटांत फाळणी झाली, नोव्हेंबरची पोरे जानेवारीच्या पोरांसमोर ठेंगणी पडू लागली आणि पालकांनी दहा वर्षे तक्रार केली. 2026-27 च्या हंगामापासून गट पुन्हा 1 ऑगस्ट ते 31 जुलै असे होत आहेत. तरी सगळे सुटले असे नाही. कॅलिफोर्नियात बालवर्गाच्या प्रवेशासाठी तारीख 1 सप्टेंबरची आहे, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले शाळेत एका इयत्तेत आणि मैदानावर खालच्या इयत्तेतल्या मुलांबरोबर, अशी अधांतरी राहणार. ऑगस्टच्या आईबापांनी नोंदणीआधी वयोगटाचा तक्ता नीट बघून घ्यावा. आणि त्याच फॉर्मवर, पंच म्हणून काम कराल का, असे विचारणारा एक चौकोन असतो, तोही बघावा.